परीक्षा तोंडावर आलीय, तरी अभ्यासाला बसवत का नाही?

वहीपेन

वेळापत्रक लागलं की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. अभ्यास करायलाच हवा हे पक्कं ठाऊक असतं, आणि नेमकी तेव्हाच बाकीची सगळी कामं महत्त्वाची वाटू लागतात. कपाट आवरायचं असतं, नोट्सना नवीन शीर्षकं द्यायची असतात, टाइमटेबल पुन्हा एकदा आखायचं असतं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटात सध्या सगळ्यांचं हेच चाललंय आणि यातलं कोणीही आळशी नाही. हीच मुलं प्रोजेक्टच्या वेळी झोप विसरून काम करतात. मग परीक्षेच्या अभ्यासालाच असं काय होतं?

पुस्तक उघडलं की यातलं आपल्याला किती येत नाही हे कळणार असतं, आणि ते कळू नये म्हणूनच पुस्तक उघडलं जात नाही, असं माझं मत आहे. आवडत्या विषयाचा अभ्यास कोणी फारसा पुढे ढकलत नाही. ज्याची धास्ती असते तोच विषय मागे पडतो, आणि मागे पडला की धास्ती आणखी वाढते.

दुसरा प्रश्न विश्रांतीचा. दिवसभर सलग अभ्यास कोणालाच जमत नाही, मध्ये थांबावं लागतंच. पण थांबलं की टोचणी लागते, आणि त्या टोचणीपायी धड विश्रांती होत नाही की धड अभ्यास होत नाही. विसावा कुठे संपतो आणि चालढकल कुठे सुरू होते, हे तुम्ही कसं ओळखता?

परीक्षा देऊन पुढे गेलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि सध्या पेपरच्या तोंडावर असलेल्यांनीही लिहा. "आळस सोडा आणि बसा" एवढंच सांगायचं असेल तर मात्र नको, ते सगळ्यांना घरी ऐकायला मिळतं.

सावकाश

वहीपेन, तुम्ही अगदी मुळावर बोट ठेवलंत. मी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं अनेक जण धरून चालतात. म्हणून उपायही तसेच सुचवले जातात: टाइमटेबल करा, याद्या करा, गजर लावा. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये याची वेगळी उकल मांडली. नकोसं काम समोर आलं की अस्वस्थ वाटतं. ते बाजूला सारलं की ती अस्वस्थता त्या क्षणापुरती जाते आणि हायसं वाटतं. ते हायसं वाटणं खरं असतं, म्हणून तर मन पुन्हा पुन्हा तिकडेच वळतं. त्याचा भुर्दंड भरायचा असतो तो पुढच्या आठवड्यात, आणि पुढच्या आठवड्यातले आपण आज आपल्याला कोणीतरी परकेच वाटतो.

हे एकदा लक्षात आलं की स्वतःला दूषणं देण्यानं काम का होत नाही तेही कळतं. अभ्यासाच्या विचारानं आधीच वाईट वाटत असतं, त्यात "मी असाच आहे, माझ्याच्यानं काही होणार नाही" याची भर घातली की पळ काढावासा वाटण्याचं आणखी एक कारण तयार होतं. मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१० मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल झाल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची दुसऱ्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. माझ्या कामात मला याचा सर्वात जास्त उपयोग होतो. मुलं येतात ती गेलेल्या दिवसांचा हिशोब घेऊन. तो हिशोब मिटवल्याशिवाय उरलेल्या दिवसांकडे त्यांचं लक्षच जात नाही. गेलेला महिना गेला, तो भरून काढायचा नाही, असं स्पष्ट ठरवावं लागतं. "भरून काढायचं" म्हणून आखलेलं दिवसाला चौदा तासांचं टाइमटेबल पहिल्याच दुपारी मोडतं, आणि मग उरलेला दिवसही त्याच्यासोबत जातो.

विश्रांतीबद्दल विचारलंत. मी मुलांना एकच विचारते: उठताना परत कधी बसायचं हे ठरलेलं होतं का? ठरलेलं असेल तर ती विश्रांती, आणि मग ती मनसोक्त घ्यावी. ठरलेलं नसेल तर उठण्याआधी ठरवावं. टोचणी बहुतेक वेळा तेवढ्यानंच कमी होते.

निशाचर

थोडा विरोधी सूर लावतो. मला दडपणाशिवाय अभ्यास होतच नाही. पेपर दोन दिवसांवर आला की जे लक्ष लागतं ते महिनाभर आधी कितीही बसलं तरी लागत नाही. शेवटच्या क्षणी करणाऱ्या सगळ्यांनाच चुकीचं ठरवू नये. काहींची ती पद्धतच असते, आणि आजवर माझं त्यावर निभावलं आहे.

सावकाश

निशाचर, शेवटी शेवटी लक्ष लागतं हे तुमचं म्हणणं मान्य आहे. टाळायला जागाच उरत नाही, म्हणून ते लागतं. पण त्याची किंमत किती, हेही पाहायला हवं. डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांची सत्रभर पाहणी केली होती. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांना ताण कमी होता, तब्येतीच्या तक्रारीही इतरांपेक्षा कमी होत्या. सत्र संपताना चित्र उलटलं, आणि एकूण गोळाबेरीज केली तर त्यांचा त्रास इतरांहून जास्त आणि गुण कमी निघाले. तुम्ही एकटे वेगळे असू शकता, पण "दडपणात मी उत्तम काम करतो" हे ठरवताना दडपण नसताना तेच काम केल्यावर काय झालं असतं, याच्याशी तुलना करायला आपल्याकडे काहीच नसतं.

गणितवाला

महाविद्यालयात बरीच वर्षं गणित शिकवतोय. सावकाश यांनी मनाची बाजू सांगितली, मी अभ्यासाच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते चालढकलीचा एक मोठा भाग अभ्यासाच्या वेशात येतो.

नोट्स सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवणं, अख्खं पान पिवळं होईपर्यंत हायलाइटर फिरवणं, तोच धडा तिसऱ्यांदा वाचणं. तासन्‌तास टेबलाशी बसलेली मुलं हे करत असतात, दमतातही, आणि पेपरात समोर प्रश्न आला की "वाचलं होतं, पण आठवत नाही" म्हणतात. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. ओळी रंगवणं, पुन्हा वाचणं आणि सारांश काढणं या तिन्ही पद्धतींची उपयुक्तता त्यांना कमी आढळली. वरचा क्रम मिळाला तो दोनच पद्धतींना: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं.

स्वतःची परीक्षा घेणं म्हणजे मोठं काही नाही. धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईनं भरा. दुसऱ्या दिवशी फक्त त्या वेगळ्या शाईतल्या गोष्टी पुन्हा आठवून पाहा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग यासाठी मी वर्गात नेहमी सांगतो. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर सांगता आला.

यातली पाच मिनिटांची बाब लक्षात घ्या. वाचून लगेच सगळं येतंय असं वाटतं, ते त्या घटकेपुरतं खरंही असतं. पुस्तक मिटून लिहायला बसलं की मात्र काही येत नाही असं वाटतं आणि मन खट्टू होतं. वहीपेन म्हणतात ती धास्ती इथेच असते, आणि म्हणून मुलं पुन्हा वाचण्याकडे वळतात. पण आठवताना होणारे ते कष्टच लक्षात ठेवायला मदत करत असतात. "येत नाही" हे घरी कळलं तर त्यावर इलाज आहे.

वहीपेन

सर, हे फार कामाचं लिहिलंत. आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या नोट्स अतिशय देखण्या असतात, आणि तिचीच तक्रार असते की पेपरात काही सुचत नाही. तिला ही पोस्ट वाचायला देते.

एक शंका आहे. दिवसांमध्ये विभागून करायचं म्हणता, पण दिवसच कमी उरले असतील तर? दोन आठवड्यांत पाच विषय असतील तर एकेक विषय पूर्ण संपवून पुढे जावं की रोज थोडे थोडे घ्यावेत?

गणितवाला

दोन आठवडे विभागणीला पुरेसे आहेत. एक विषय सलग तीन दिवस केला आणि मग थेट पेपरच्या आदल्या दिवशी उघडला, तर मधल्या काळात बरंच निसटतं. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सर्वात वेगानं होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर, एक-दोन दिवसांतच हवी. दिवसाला दोन विषय घ्या, एक जड आणि एक त्यातल्या त्यात सोपा. जडाला सकाळची, डोकं ताजं असतानाची वेळ द्या, आणि रोज सुरुवात कालच्या प्रश्नांनी करा.

एक सावधगिरीची गोष्ट. विभागून केलेला अभ्यास करताना कमी झाल्यासारखा वाटतो. नेट कॉर्नेल यांनी २००९ मध्ये शब्दांच्या कार्डांवर प्रयोग केले. ९० टक्के जणांना विभागून केलेल्या अभ्यासाचा जास्त फायदा झाला होता, तरी पहिल्या बैठकीनंतर ७२ टक्के जणांना सलग केलेलाच जास्त उपयोगी पडला असं वाटत होतं. तेव्हा चार दिवसांनी "माझं काहीच पक्कं होत नाहीये" असं वाटलं तर पद्धत सोडू नका.

पहाटवारा

मी गेल्या वर्षी यातून बाहेर पडलो. मला उपयोगी पडलं ते सांगतो. "आज रसायनशास्त्र करायचं" असं ठरवलं की दिवस जायचा. "जेवण झाल्यावर त्याच खुर्चीत बसून तिसऱ्या धड्याचा पहिला प्रश्न सोडवायचा" असं ठरवलं की बसलं जायचं. एकदा प्रश्न सुटला की दुसरा आपोआप घेतला जातो. नंतर कळलं की यावर पीटर गोलविट्झर यांनी पुष्कळ काम केलंय. "अमुक झालं की तमुक करीन" अशा नेमक्या शब्दांत ठरवलं की, नुसत्या इच्छेपेक्षा काम तडीस जाण्याची शक्यता बरीच वाढते.

आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवणं पुरत नाही, हात जातोच. गजरासाठी वेगळं घड्याळ ठेवा, म्हणजे तेही निमित्त उरत नाही.

रोहिणी_नक्षत्र

पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पोमोडोरो पद्धत कोणी वापरतं का? माझं गाडं पंचवीस मिनिटांनी रुळावर येतं आणि तेवढ्यात गजर वाजतो.

पहाटवारा

रोहिणी, मी सुरुवात करण्यापुरती वापरतो. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वतःसाठी काढलेली ती पद्धत आहे, पंचवीसचा आकडा काही दगडावरची रेघ नाही. लक्ष लागलं असेल तर गजर बंद करून पुढे जा. पाठांतराला छोटे तुकडे बरे पडतात, मोठ्या गणितांना किंवा निबंधाला पन्नास मिनिटं तरी लागतात.

एक_पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. मी दर तासाला दारात जाऊन "झालं का?" विचारते, आणि दर वेळी आमची वादावादी होते. विचारलं नाही तर ती फोन घेऊन बसते. आईनं करावं तरी काय? सावकाशताई, तुम्ही सांगाल का?

सावकाश

तुमची काळजी पोचते हो. "झालं का?" या प्रश्नाचं मुलीकडे बहुतेक वेळा "नाही" हेच उत्तर असतं, आणि ते द्यावं लागणार म्हणून ती चिडते. त्याऐवजी तिलाच विचारा की दिवसातून कधी आणि कशासाठी आई हवी आहे. काहींना संध्याकाळी कोणीतरी प्रश्न विचारून घेतलेले हवे असतात. तुम्हाला विषय येण्याची गरज नाही, पुस्तक तुमच्या हातात आणि उत्तर तिच्या तोंडी, एवढं पुरे. गणितवाला सरांनी सांगितलेली पद्धतच ती. काहींना नुसतं शेजारी कोणी आपापलं काम करत बसलेलं पुरतं. फोनचंही तिच्याशी बोलून ठरवा, हिसकावून घेतलात तर सगळी शक्ती त्या भांडणात जाईल.

एक गोष्ट मात्र पाहा. ती रात्र रात्र झोपत नसेल, खाणं कमी झालं असेल, रडू येत असेल, किंवा परीक्षेपुरतं नाही तर वर्षानुवर्षं कुठल्याच कामावर चित्त ठरत नसेल, तर ही साधी चालढकल समजू नका. तेव्हा समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा, आणि परीक्षा संपायची वाट न पाहता भेटा. नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार) यांत अभ्यास टळणं हे वरवर दिसणारं लक्षण असू शकतं, आणि तिथे शिस्तीचे सल्ले मुलांना आणखी एकटं पाडतात.

एक_पालक

आज संध्याकाळी तिला विचारून बघते. प्रश्न विचारायला मला आवडेल. मनापासून आभार.

निशाचर

सावकाश, तुमच्या उत्तरावर विचार केला. तुलनेचा मुद्दा पटला. पण रात्री जागण्याचं काय? माझं डोकं खरोखरच रात्री चालतं.

सावकाश

रात्री अभ्यास करण्यात गैर काही नाही, दुसऱ्या दिवशी तेवढं झोपायला मिळणार असेल तर. अडचण होते ती झोप कापून अभ्यास केल्यावर. शाळकरी मुलांच्या रोजनिशींवरून केलेलं एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या दिवशी मुलांनी नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी झोप कमी केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलेलं न समजणं किंवा चाचणीत कमी पडणं वाढलं, एरवी ती मुलं कितीही अभ्यासू असोत. आणि झोपेत वेळ वाया जातो असंही नाही. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की शिकून झोपलेल्यांना, तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. तेव्हा शेवटच्या तीन-चार रात्री झोपेची वेळ हळूहळू अलीकडे आणा. पेपर सकाळी असेल तर डोकंही सकाळी चालायला हवं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात.

वहीपेन

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गटाला हा धागा पाठवलाय. त्यांच्याकडून आलेला एक प्रश्न इथे ठेवते, कारण तो सगळ्यांचाच आहे: अर्धा अभ्यासक्रम राहिलाय आणि तो पूर्ण होणार नाही हे उघड दिसतंय. सोडायचं ते कसं निवडायचं? सगळं महत्त्वाचं वाटतं, म्हणून कशालाच हात लागत नाही.

गणितवाला

आधी जुन्या प्रश्नपत्रिका काढा, पुस्तक नंतर. मागच्या काही वर्षांच्या पेपरांत कोणत्या घटकाला किती गुण येतात ते एका कागदावर मांडा. मग प्रत्येक घटकासमोर प्रामाणिकपणे लिहा: येतो, अर्धा येतो, अजिबात येत नाही. सर्वात आधी अर्धे येणारे आणि जास्त गुणांचे घटक घ्या. थोड्या कष्टात सर्वाधिक गुण तिथेच मिळतात. त्यानंतर न येणाऱ्यांपैकी जास्त गुणांचे. येणाऱ्या घटकांना फक्त उजळणी. न येणारे आणि कमी गुणांचे घटक सोडायचे ठरवा, आणि ठरवल्यावर त्यांच्याकडे परत जाऊ नका. मुलांना सगळ्यात जड जातं ते हे सोडणं. पण काहीच न सोडण्याच्या हट्टापायी महत्त्वाचे घटकही कच्चे राहतात, हे मी दर वर्षी उत्तरपत्रिकांमध्ये बघतो.

वेळेचा अंदाज बांधताना जपून. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सगळं बिघडलं तर किती लागतील, असं विचारल्यावर सांगितलेले ४९ दिवसही कमीच पडले. एका घटकाला दोन तास लागतील असं वाटलं तर तीन धरा, आणि आठवड्यातला अर्धा दिवस टाइमटेबलमध्ये मुद्दाम मोकळा ठेवा. मागे पडलेलं तिथे उरकता येतं.

रोहिणी_नक्षत्र

आमचे दोन पेपर लागोपाठच्या दिवशी आहेत, आणि दुसरा जास्त अवघड आहे. मधल्या संध्याकाळी काय करावं?

गणितवाला

दुसऱ्या पेपरचा अभ्यास पहिल्याच्या आधी संपलेला हवा, मधली संध्याकाळ फक्त उजळणीची. पहिला पेपर देऊन बाहेर आलात की उत्तरं ताडून बघत उभ्या राहू नका, सरळ घरी जा. थोडं खा, तासभर पडा. मग अवघड पेपरची वेगळ्या शाईतली पानं काढा, आधी लपवून आठवा आणि मग बघा. नवीन काही उघडू नका. सूत्रं, आकृत्या, व्याख्या एका पानावर लिहून काढा आणि नेहमीच्या वेळी झोपा. सकाळी ते एकच पान हाताशी ठेवा.